नाटकात झाडू नव्हता

दोस्तहो, आधी पुरावा ठेवतो, मग बोलतो. भावना दुखावल्या म्हणून बोंब मारणाऱ्यातला मी नाही. पुरावा आहे, कात्रण आहे, घडीवर फाटलंय, पण आहे.

१९८३ साली एका नाट्यस्पर्धेत आमच्या वस्तीतल्या पोरांनी नाटक केलं. मी त्यात वकील होतो. काळा कोट, पांढरा बँड, हातात फाईल. कोट भाड्याचा, बाह्या दोन बोटं आखूड. पण कोट होता. तिसऱ्या अंकात माझं नऊ मिनिटांचं भाषण होतं आणि त्या नऊ मिनिटांत पहिल्या रांगेतला एकही परीक्षक खोकला नाही. पंधरा दिवसांनी एका नामवंत मासिकात स्पर्धेवर एक पान आलं. मासिकाचं नाव इथं घेत नाही. पानाच्या मधोमध व्यंगचित्र. चार नाटकांतले चार नट एका ओळीत उभे.

पहिल्याचं पोपटी नाक हातभर काढलेलं. दुसऱ्याचा तिरपा डोळा. तिसरा संवाद विसरला की धोतराचा सोगा चाचपायचा, तेच नेमकं पकडलेलं. ती नाटकं मी पाहिली होती. तिघांनाही बघताक्षणी ओळखलं आणि मनमोकळा हसलो. मग चौथा बघितला.

चौथा मी होतो. म्हणजे खाली आमच्या नाटकाचं नाव होतं म्हणून मी. नाहीतर तो शाईचा एक डाग होता. डागाला दोन जाड ओठ, ओठात पांढरेफेक दात. अंगात वकिलाचा कोट. आणि हातात झाडू.

नाटकात झाडू नव्हता.

पुन्हा सांगतो, कारण ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. तीन अंकांत रंगमंचावर सोडा, विंगेतसुद्धा झाडू नव्हता. थिएटर झाडायला एक माणूस होता. तो आपलाच होता. पण त्याचं चित्र कुणी काढलं नाही.

माझा चेहरा तसा नाही. बोलताना माझी डावी भुवई वर चढते. सगळी वस्ती त्या भुवईवरनं मला चिडवायची. व्यंगचित्रकारासाठी ते फुकटात सापडलेलं घबाड होतं. त्यानं ते घेतलं नाही. कारण नऊ मिनिटं तो माझ्याकडं बघतच नव्हता. तो आधीच घरनं बघून आला होता.

मराठीत एक झकास शब्द आहे, अर्कचित्र. माणसाचा अर्क काढायचा. लाखात एक असलेलं त्याचं नाक, त्याची चाल, त्याची लकब. त्या तिघांचं अर्कचित्र निघालं. माझं निघालं ते जातचित्र. मला सगळा झगडा या दोन शब्दांच्या मधल्या जागेत दिसतो.

आता पांढरपेशा मित्र लगेच म्हणणार, अहो, विनोद आहे तो. तुम्हा लोकांना विनोदच कळत नाही. व्यंगचित्रात अतिशयोक्ती असायचीच.

कबूल. अतिशयोक्ती असायचीच. पण अतिशयोक्ती म्हणजे असलेलं वाढवणं. नसलेलं हातात देणं म्हणजे अतिशयोक्ती नव्हे, ते खोटी साक्ष देणं झालं. नाक असतं तर ते हातभर करा. झाडू नव्हताच, तो आणला कुठनं? तुमच्या डोक्यातनं आणला. मग ते चित्र माझं नव्हे, तुमच्या डोक्याचं आहे. खाली नाव माझं का?

आणि हे एकट्या मराठी मासिकाचं पाप नाही. रंगभूमीवर उभा राहिलेला दबलेला माणूस आणि त्याला आडवा करणारी रेघ, ही जोडी जुनी आहे. आपल्या पोरांना ती गोष्ट माहीत पाहिजे. ब्लॅक पँथरचं नाव बघून १९७२ साली आपण दलित पँथर काढली, पण त्या काळ्या माणसांच्या नाटकाचं काय झालं ते आपण विचारलं नाही.

न्यूयॉर्कात १८२१ साली विल्यम ब्राऊन नावाच्या काळ्या माणसानं काळ्या नटांचं थिएटर काढलं. तेव्हा त्या राज्यात गुलामगिरी पुरती संपलीसुद्धा नव्हती. त्यांनी काय करावं? शेक्सपिअर केला. तिसरा रिचर्ड केला. पोलिसांनी नटांना पकडून नेलं. पुन्हा शेक्सपिअर करणार नाही असं त्यांच्याकडनं कबूल करून घेतलं, अशी बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आहे. काळ्यानं चाकर व्हावं, नाचावं, गावं. राजा व्हायचं नाही. कोट घालायचा नाही.

त्याच सुमाराला चार्ल्स मॅथ्यूज हा इंग्रज विनोदी नट अमेरिका फिरून गेला. १८२४ साली लंडनात त्यानं त्या प्रवासावर एकपात्री कार्यक्रम लावला. त्यात एक काळा नट हॅम्लेट करतोय. स्वगतातला एक शब्द प्रेक्षकांना ओपॉसम या प्राण्याच्या नावासारखा ऐकू येतो, ते ओरडतात, ते झाडावरच्या ओपॉसमचं गाणं म्हण, आणि हा बापडा हॅम्लेट सोडून गाणं म्हणायला लागतो. लंडन पोट धरधरून हसलं.

आता बघा. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा सतरा वर्षांचा एक काळा पोरगा नट व्हायला इंग्लंडात आला. त्याचं नाव आयरा ऑल्ड्रिज. लोकांनी मॅथ्यूजची ती नक्कल त्याच्या नावावर चिकटवली. आपण तसं कधी केलंच नाही, हे तो पुढं सांगत राहिला. पण लोक तिकीट काढून यायचे आणि ओपॉसमचं गाणं मागायचे. शेवटी तो ते गाणंही म्हणायला लागला. माणूस जिवंत, समोर उभा, आणि त्याच्याआधी त्याचं विडंबन थिएटरात येऊन बसलेलं. माझा झाडू माझ्या आधी येऊन बसला होता, तसंच.

मार्च १८३३ मध्ये एडमंड कीन हा मोठा नट ऑथेल्लो करता करता रंगमंचावर कोसळला. एप्रिलमध्ये त्याच कॉव्हेंट गार्डन थिएटरात ऑथेल्लो म्हणून ऑल्ड्रिज उभा राहिला. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे त्या दिवसांत सगळा देश त्याच वादानं पेटला होता. फिगारो इन लंडन नावाच्या विनोदी साप्ताहिकानं ऑल्ड्रिजविरुद्ध मोहीमच उघडली. आणि अथेनियम या विद्वानांच्या साप्ताहिकाचा आक्षेप काय होता? एलेन ट्री या गोऱ्या नटीला या माणसाचे हात लागतात.

वाचलंत? हात लागतात. लंडनमध्ये, १८३३ साली, छापील अक्षरात विटाळ. विटाळ फक्त आपल्या गावकुसाबाहेर असतो असं कुणी सांगितलं?

दोन प्रयोगांनंतर त्याला त्या थिएटरातनं जावं लागलं. माणूस मोडला नाही. गावोगाव हिंडला, पुढं युरोपभर हिंडला, राजेलोकांनी त्याला पदकं दिली. १८६७ साली दौऱ्यावर असतानाच तो पोलंडमधल्या लोद्झ शहरात मेला आणि तिथंच पुरला गेला.

या ऑल्ड्रिजचं एक चित्र आहे. १८५८ साली पीटर्सबर्गमध्ये काढलेलं. काढणारा तारास शेवचेंको, युक्रेनचा कवी. हा शेवचेंको जन्मानं भूदास होता, म्हणजे जमिनीबरोबर विकला जाणारा माणूस. चोविसाव्या वर्षी पैसे मोजून सोडवला गेला. पुढं कवितेपायी दहा वर्षं हद्दपारी भोगून नुकताच परतला होता. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. तरी त्यानं समोर बसवून ऑल्ड्रिजचा चेहरा काढला. कपाळ, डोळे, थकवा. ओठ ओठांएवढे. विकला गेलेल्या माणसानं, ज्याची माणसं विकली गेली त्या माणसाकडं बघितलं. लंडनच्या कागदांत इतक्या वर्षांत जे दिसलं नाही ते त्याला एका बैठकीत दिसलं. मला दोष रेघेचा दिसत नाही. रेघ कुठल्या अंगाला उभी राहून ओढली, ते बघायचं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा चित्रानं काय होतं? आज छापलं, उद्या त्यात भजी बांधली.

काय होतं ते सांगतो. साधारण १८३० साली टी. डी. राईस नावाच्या गोऱ्या नटानं तोंडाला काळं फासून एक लंगडा, फाटका, उड्या मारणारा काळा माणूस रंगवला. नाव ठेवलं जिम क्रो. त्याची चित्रं गाण्याच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापून घरोघर गेली. ठिगळाचे कपडे, कमरेवर हात, वाकलेला गुडघा. पन्नास-साठ वर्षांनी दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ देणारे कायदे केले. त्या कायद्यांना लोकांनी काय नाव दिलं? जिम क्रो. १८९६ साली सुप्रीम कोर्टानं वेगळा डबा योग्य ठरवला. ते मोडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. नाटकातलं एक सोंग चित्रात आलं आणि चित्रातलं नाव कायद्याला चिकटलं. भजी कुठं बांधली त्यात?

आणि सगळ्यात खोल जखम वेगळीच आहे. बर्ट विल्यम्स हा बहामात जन्मलेला काळा नट, रंगानं उजळ. आपल्या काळात अमेरिकेतला मोठ्यातला मोठा विनोदी नट. १९०३ साली त्याचं आणि जॉर्ज वॉकरचं इन डाहोमी हे काळ्या कलावंतांचं संगीत नाटक थेट ब्रॉडवेवर लागलं. हा माणूस रंगमंचावर जाताना जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचा. काळा माणूस काळं फासून काळा व्हायचा! कारण प्रेक्षकांना त्याचा चेहरा नको होता, चित्र पाहिजे होतं. आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच शहरात, त्याच वर्षांत, हा बर्ट विल्यम्स झिगफेल्ड फॉलीजमध्ये काजळी फासून लोकांना हसवत होता. एक विद्यार्थी जातीची चिरफाड करत होता आणि काही मैलांवर एक माणूस रोज रात्री स्वतःच स्वतःचं व्यंगचित्र होत होता.

यातनं मला एक धास्ती वाटते. त्यांनी आपलं चित्र काढलं, ही अर्धीच गोष्ट. आपण त्या चित्रासारखं तोंड करायला लागलो तर खेळ खलास.

आता २०१२ चं काढतो, कारण ते काढल्याशिवाय तुम्ही माझं ऐकणार नाही. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकरचं १९४९ सालचं व्यंगचित्र होतं. संविधानाची गोगलगाय, वर बाबासाहेब चाबूक घेऊन, मागं नेहरू चाबूक घेऊन. संसदेत गदारोळ झाला. पुण्यात सुहास पळशीकरांच्या विद्यापीठातल्या ऑफिसात तोडफोड झाली. पळशीकरांनी आणि योगेंद्र यादवांनी सल्लागारपद सोडलं.

त्या चित्रानं मलाही राग आला होता. आजही येतो. बाबासाहेबांच्या मागं चाबूक बघून ज्याला काहीच वाटत नाही त्यानं या देशातल्या चाबकाचा इतिहास वाचलेला नाही. पण खुर्च्या मोडून काय मिळवलं? दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत आपलं नवं चित्र आलं, दगड घेतलेला, वाचता न येणारा जमाव. ते चित्र त्यांना काढावं लागलं नाही. आपणच जाऊन त्यांना पोज दिली.

याउलट उन्नमति श्याम सुंदरनं काय केलं बघा. जुनी वर्तमानपत्रं उपसली, बाबासाहेबांवरची शंभराहून जास्त व्यंगचित्रं गोळा केली, प्रत्येकाशेजारी ते कधीचं, कशावरचं, त्यात काय लपवलंय ते लिहिलं आणि २०१९ साली पुस्तक काढलं. स्वतः व्यंगचित्रकार. एक खुर्ची मोडली नाही. पण ज्या मोठमोठ्या नावांची रेघ सभ्य म्हणून मिरवत होती ती सगळी एका पुस्तकात उघडी पडली. याला म्हणतात उलटतपासणी. १९६९ साली सत्यकथेची होळी झाली ती तुम्ही अभिमानानं सांगता. सांगा. पण त्या माणसांनी नुसती काडी ओढली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं. काडी कुणीही ओढतो.

इथवर वाचून तुम्ही खूश झाला असाल. आता माझी पाळी. हे लिहायला मी चाळीस वर्षं लावली.

१९८५ साली आमचा सायक्लोस्टाईल अंक निघायचा. मजकूर टाईप व्हायचा आणि चित्रं मी काढायचो, स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं. जोर जास्त झाला की मेणकागद फाटायचा, मग करेक्शनचं लाल पाणी लावायचं. तेव्हा आपल्यात गट पडले होते, तुम्हाला ते नवीन नाही. दुसऱ्या गटाच्या पोरांनी शेजारच्या वस्तीत नाटक केलं. त्यात एक बाई होती, आपल्यातलीच, दिवसा एका शाळेत मुलांना शिकवणारी. त्या काळी आपल्या नाटकाला बाई मिळणं म्हणजे काय ते जुन्या माणसांना विचारा. नाटकात ती शिक्षिकाच होती. सबंध नाटकभर तिच्या हातात पुस्तक होतं.

मी तिचं व्यंगचित्र काढलं. त्या गटाची जिरवायची होती. पुस्तक काढलं नाही. पायात चाळ काढले, कमर काढली, पदर उडवला, खाली लिहिलं, फडावरची क्रांती. दोनशे प्रती काढल्या. आमच्या पोरांनी टाळ्या दिल्या. मलाही वाटलं, काय जमलंय!

आठ दिवसांनी ती आमच्या खोलीवर आली. सोबत म्हातारा बाप. ती रडली नाही, भांडली नाही. अंक टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुमच्या हातात झाडू दिला म्हणून तुम्ही वर्षभर सभेत बोललात. मी प्रत्येक सभेला होते. माझ्या हातात पुस्तक होतं हो. ते का काढून घेतलंत?"

मला उत्तर आलं नाही. म्हातारा फक्त म्हणाला, "चल बाय." पुन्हा ती कुठल्या नाटकात दिसली नाही.

तिकडं त्यांनी मला नसलेला झाडू दिला. इकडं मी तिचं असलेलं पुस्तक हिसकावलं. सांगा, फरक काय? तो व्यंगचित्रकार घरनं बघून आला होता आणि मीही घरनंच बघून गेलो होतो. त्यानं जात बघितली, मी बाई बघितली. आणि चाळ काढताना मी तमाशातल्या आपल्याच बायांना शिवी म्हणून वापरलं. ज्यांच्या पायांनी आपल्या किती घरांच्या चुली पेटवल्या, त्यांना! माझ्यात शेवचेंको नव्हता, राईस होता. जयभीम करून आत येतो तो राईस, म्हणून ओळखू येत नाही.

मग करायचं काय? चित्र बंद करायचं? मुळीच नाही. ज्यांचं अर्कचित्र निघत नाही ते लोक सार्वजनिक आयुष्यात नसतातच. आपले नट, आपले जलसेवाले, आपल्या शाहिरांचे पडलेले दात, आपल्या पुढाऱ्यांची सुटलेली पोटं, सगळं काढलं पाहिजे. न्यूयॉर्कात आल्बर्ट हर्शफेल्ड नावाचा माणूस होता. सत्तर वर्षांहून जास्त काळ नाटकांतल्या नटांची चित्रं काढत राहिला. अंधाऱ्या थिएटरात बसून खिशातल्या कागदावर न बघता टिपणं काढायचा. म्हणजे डोळा सतत नटावर. एवढंच शिकलो तरी पुष्कळ.

आणि आपल्यातही एकमत नसेल, घाबरायचं नाही. मिगेल कोवारूबियास हा मेक्सिकन चित्रकार १९२०च्या दशकात व्हॅनिटी फेअर मासिकात चित्रं काढायचा, हार्लेममधल्या काळ्या नाचणाऱ्या-गाणाऱ्यांची तर पुस्तकभर काढली. लँग्स्टन ह्यूजच्या पहिल्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ त्याचं. आणि ड्यू बॉईसला त्याची चित्रं बिलकूल खपत नव्हती. हेच ते ड्यू बॉईस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं. दोघंही लढणारे, दोघंही काळे, आणि चित्रावर मत उलट. त्यांनी एकमेकांची ऑफिसं फोडली नाहीत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नाटकाचं कुठलंही चित्र हातात आलं, त्यांचं असो की आपलं, तर तीन प्रश्न विचारा. खालचं नाव झाकलं तर माणूस ओळखू येतो, की फक्त जात ओळखू येते? त्याच्या हातात जे आहे ते नाटकात होतं का? आणि नाटकात जे होतं ते हातातनं गेलं का?

उत्तर वाईट आलं तर कात्रण कापा. मासिकाचं नाव, तारीख, पान नंबर मागं लिहा. जपून ठेवा. मग लिहा, त्याच्या शेजारी स्वतःचं चित्र काढून छापा. आणि चित्र आपल्याच पोरानं काढलेलं असलं तर दुप्पट कडक लिहा.

या मजकुराबरोबर मी एक चित्र पाठवतोय. संपादकांना जागा झाली तर छापतील. हात आता कापतो, रेघ वेडीवाकडी आलीय. एक बाई आहे, तिची हनुवटी जराशी पुढं होती, ती मी चांगली हातभर काढलीय.

तिच्या हातात पुस्तक आहे.

जयभीम.